खिशातला चाकू आणि तीन इंचांची रेघ

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर मापं घ्यायचा व्हर्नियर असतो, मायक्रोमीटर असतो, बाबांची पटाशी आणि रंधा असतो, आणि गेली काही वर्षं त्यांच्याच शेजारी माझे चाकू पण असतात, फोल्डिंगचे, खिशात मावणारे, एकूण अकरा. गेल्या वर्षी आत्या आली होती, तिने सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि चाकूंपाशी हात थांबवून म्हणाली, "अरे, बाकीची हत्यारं कामाची आहेत, ही कशाला मांडलीस?"

सगळा वाद या एका प्रश्नात आला असं मला तेव्हापासून वाटतंय. आपल्या भाषेत सुताराची ती हत्यारं, न्हाव्याची ती पण हत्यारं, गवंडी सकाळी निघताना जोडीदाराला 'हत्यारं घेतलीस ना' असंच विचारतो, आणि पेपरात 'धारदार हत्याराने वार' छापून येतं ते पण तेच. शब्दाने फरक केलेला नाही, आत्याने केला, कामाचं हत्यार आणि बिनकामाचं हत्यार. मला तो फरक शंभर टक्के मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की खिशातला छोटा चाकू कामाच्या बाजूला येतो, कायद्याने तसं स्वच्छ लिहावं, आणि ते लिहून हवं असेल तर आम्ही जे महागडे चाकू जमवणारे लोक आहोत त्यांनी आधी स्वतःची भाषा बदलावी.

आधी हा छंद काय आहे ते सांगतो, कारण बहुतेकांना चाकू म्हटलं की एक भाजीची सुरी आठवते नाहीतर जुन्या हिंदी पिक्चरमधला खटकन उघडणारा रामपुरी. मी चिंचवडला टूलरूममध्ये आहे, म्हणजे कारखान्याला लागणारे साचे आणि हत्यारं जिथे बनतात तिथे, दिवसभर पंच, डाय, फिक्स्चर यांच्यातच असतो, त्यामुळे मला यातली ओढ लागली ती मशीनिंगची. क्रिस रीव्ह नावाचा दक्षिण आफ्रिकेतला माणूस अमेरिकेत आयडाहोमध्ये बॉइझीला जाऊन स्थायिक झाला आणि त्याने सेबेन्झा नावाचा चाकू बनवला, सेबेन्झा हा झुलू भाषेतला शब्द, अर्थ 'काम'. दिसायला अगदी साधा, टायटॅनियमच्या दोन पट्ट्या आणि मध्ये पातं. पण पातं उघडलं की त्या दोन पट्ट्यांपैकी एकीचाच कापलेला भाग स्प्रिंगसारखा आत येऊन पात्याच्या मागे बसतो आणि पातं लॉक होतं, वेगळा लॉकचा तुकडाच नाही. ही कल्पना त्याची, आज जगभर तिला फ्रेम लॉक म्हणतात. चाकूबरोबर डब्यात ॲलन की पण येते कारण तो तुम्ही खोलावा, साफ करावा, परत जोडावा अशीच अपेक्षा आहे. मी पहिल्यांदा खोलून जोडला तेव्हा पातं ज्यावर फिरतं त्या पिव्होटचा स्क्रू पूर्ण आवळल्यावर पण पातं तितकंच मऊ फिरत होतं, कारण आतल्या बुशिंगची, म्हणजे स्क्रूभोवतीच्या छोट्या नळीची, लांबी हजारांश इंचात धरलेली आहे. हे ज्याने कधी फिटिंग केलंय त्याला विचारा, काय चीज असते ती.

तसंच स्पायडर्को. खिशाला अडकवायची क्लिप आणि एका हाताने उघडण्यासाठी पात्याला गोल भोक, या दोन गोष्टी आज प्रत्येक दुसऱ्या चाकूवर दिसतात, त्या एकत्र आल्या १९८१ साली कोलोरॅडोतल्या गोल्डन गावच्या या कंपनीच्या पहिल्या चाकूवर, आणि त्या चाकूचं नाव काय होतं, तर 'वर्कर'. म्हणजे बघा, एकाचं नाव काम आणि दुसऱ्याचं नाव कामगार. या छंदाची मुळं कुठे आहेत ते या नावांवरून कळतं.

आणि मग स्टील. डी२ नावाचं स्टील आम्ही टूलरूममध्ये पंच-डायला वापरतो, तेच डी२ चाकूला पण वापरतात, धार छान धरतं. पण माझा डी२चा चाकू एकदा जुलैमध्ये दापोलीला नेला आणि तिसऱ्या दिवशी पात्यावर तपकिरी ठिपके. यात क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास आहे, मग गंज का, तर त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळून झालेल्या कडक कणांमध्ये, अडकून बसतं, गंजापासून वाचवायला मोकळं राहत नाही. लॅरिन थॉमस नावाच्या धातुशास्त्रज्ञाने २०२१ साली मॅग्नाकट नावाचं स्टील आणलं त्यात एकूण क्रोमियम डी२ पेक्षा कमीच आहे, पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास, पण रचना अशी जुळवली की कार्बाइड बनतात ते व्हॅनेडियमचे आणि नायोबियमचे, क्रोमियम मोकळं राहतं, आणि चाकू कोकणच्या पावसात पण सहज गंजत नाही. मला हे वाचून त्या रात्री झोप लागली नाही. वितळवलेलं स्टील गॅसच्या झोताने फवारून त्याची पावडर करायची, ती पावडर दाबून परत घट्ट ठोकळा करायचा, म्हणजे कार्बाइड बारीक आणि सारखे पसरतात, असं पावडर स्टील अमेरिकेतली क्रुसिबल कंपनी बनवायची, एस३०व्ही हे तिचं २००१चं स्टील खास चाकूंसाठी म्हणून केलेलं, त्यात पण क्रिस रीव्हचा हात होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्या क्रुसिबलने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा मला ओळखीचं एखादं वर्कशॉप बंद पडल्यासारखं वाईट वाटलं.

आता पैशांचं. सेबेन्झा इथे येईपर्यंत चाळीस हजारांच्या पुढे जातो. एवढ्या पैशात काय काय होतं हे मला माहिती आहे, मी पगारदार माणूस आहे, मी तीन वर्षं त्यासाठी ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकले. घड्याळावर कोणी एवढे घातले तर लोक हात पुढे करून बघतात, फोनवर घातले तर कोणी काही विचारत पण नाही आणि तो फोन चार वर्षांत जुना होतो. चाकू माझ्या पुतणीपर्यंत जाईल. म्हणून खर्चाच्या आक्षेपाने मला फारसं काही वाटत नाही, मला त्रास होतो तो वेगळ्या गोष्टीचा, आमच्यातले कितीतरी लोक असला चाकू घेतात, डब्यातून काढतात, फोटो काढतात आणि परत डब्यात ठेवतात, धारेला कागद पण लावू देत नाहीत कारण मग विकताना भाव उतरतो. हे मला पटत नाही आणि कधी पटणार पण नाही. ज्याचं नाव 'काम' आहे त्याला दहा वर्षं कपाटात ठेवलं तर आत्याचा प्रश्न बरोबर ठरतो. माझ्या सेबेन्झाने पार्सलं उघडली आहेत, नारळाच्या सुंभाच्या दोऱ्या कापल्या आहेत, ट्रेकला कांदा चिरलाय, टायटॅनियमवर ओरखडे आहेत आणि ते मी बफ करून घालवणार नाही. आणि कापायला चाळीस हजारच लागतात असं अजिबात नाही, फ्रान्समध्ये सावोया भागात १८९० पासून बनणारा लाकडी मुठीचा ओपिनेल घ्या, किंवा स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स घ्या, ज्याच्या ऑफिसर चाकूची नोंदणी १८९७ची आहे, दोन्ही साध्या माणसाला परवडतात आणि दोन्ही आयुष्यभर टिकतात. मी नवीन कोणी विचारलं तर त्याला हेच सांगतो, आधी वर्षभर हा वापर, धार लावायला शिक, मग बघू.

पण खरा प्रश्न जवळ बाळगण्याचा. घरात ठेवायला कोणाची हरकत नसते, खिशात का ठेवतोस हे विचारतात. यावर माझं उत्तर असं की हे आपल्याकडे परदेशातून आलेलं खूळ नाही. कोकणात आजही बागेत निघालेला माणूस कमरेला आकडी बांधतो आणि त्या आकडीत कोयती अडकवतो, रस्त्याने तसाच चालतो, दुकानात तसाच चहा पितो, कोणी दचकत नाही. माझ्या आजोबांच्या चंचीत पानं, कात, चुन्याची डबी आणि अडकित्ता असायचा, एसटीत बसले की चंची उघडायचे. धार जवळ असणं ही आपल्याकडे साधी गोष्ट होती कारण ती धार कशासाठी आहे हे समोरच्याला बघताक्षणी कळायचं. शहरात ते कळेनासं झालं. माझ्या खिशातली क्लिप बघून समोरच्याला बाग आठवत नाही, त्याला बातम्या आठवतात.

आणि बातम्या खोट्या नाहीत. पुण्यात २०२२ संपताना आणि २०२३ मध्ये कोयता गँगने जे केलं, पंधरा-सोळा वर्षांची पोरं कोयते फिरवत गाड्या फोडतायत, लोकांना मारतायत, ते आम्ही इथे राहून बघितलंय. कोयता विकत घ्यायला आधार कार्ड दाखवा इथपर्यंत गोष्ट गेली. ज्या घरातल्या माणसावर असा वार झालाय त्यांच्यापुढे उभं राहून मी स्टीलमधल्या व्हॅनेडियमचं कौतुक सांगू शकणार नाही, सांगू पण नये. त्यांची भीती खरी आहे आणि या लेखातलं माझं सगळं म्हणणं ती भीती धरूनच आहे.

तर मग कायदा काय म्हणतो. शस्त्र कायदा १९५९चा, त्याखालचे नियम सध्या २०१६चे. त्यात धारदार हत्यारांचा जो वर्ग आहे तो ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा, आणि त्यातून पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक, औद्योगिक कामासाठी बनवलेली सोडलेली. माझा सगळ्यात मोठा चाकू साडेतीन इंच आहे, म्हणजे इथे विषय संपायला पाहिजे. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ आहे, त्याखाली पंधरा-पंधरा दिवसांचे मनाई आदेश निघतात, सण आला, मोर्चा आला, निवडणूक आली की निघतात, बऱ्याच शहरांत एक संपला की दुसरा. त्या आदेशात शस्त्रं, सोटे, भाले, तलवारी, बंदुका, सुरे, काठ्या आणि पुढे 'शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू' असं असतं. आता कोणतीही वस्तू म्हणजे काय? स्क्रूड्रायव्हर? कटर? फणस कापायची सुरी? हे ठरवणार रात्री नाक्यावर उभा असलेला पोलीस, आणि तो पण बारा-बारा तास ड्युटी करून थकलेला.

दोन वर्षांपूर्वी सेकंड शिफ्ट सुटल्यावर मला असंच एका नाक्यावर थांबवलं. हवालदारांनी खिशाची क्लिप बघितली, "हे काय आहे?" "चाकू आहे साहेब, कामाला लागतो." "लायसन?" मी नऊ इंचांचं सांगायला लागलो तर ते म्हणाले, "कुठे लिहिलंय, दाखवा." माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ३ इंची चाकू चालतो असं एका ओळीत लिहिलेला कागद आपल्या राज्यात आहेच कुठे. मग त्यांच्या साहेबांनी कंपनीचं आयकार्ड बघितलं, चाकू उघडून बघितला, "भारी आहे, जा" म्हणाले. सुटलो. पण माझ्या मागे टेम्पोवाल्या पोराकडे फडक्यात गुंडाळलेली सुरी निघाली होती, मार्केट यार्डात गोणीचे टाके कापायला लागते असं तो सांगत होता, त्याला बाजूला बसवलं होतं. त्याची सुरी फार तर साठ रुपयांची असेल. मी गाडी सुरू करून निघून आलो, थांबलो नाही, थांबायला पाहिजे होतं.

तेव्हापासून मला कळलंय की अंधुक कायद्याचा त्रास माझ्यासारख्याला कमी होतो, ज्याच्याकडे आयकार्ड आहे, चार वाक्यं नीट बोलता येतात. तो त्रास होतो हमालाला, केबलवाल्याला, प्लंबरच्या हाताखालच्या पोराला. न्यूयॉर्कमध्ये नेमकं हेच झालं. तिथे १९५०च्या दशकातला एक कायदा होता, मनगटाच्या झटक्याने जो चाकू उघडतो तो बेकायदा. मग पोलीस कोणाचा पण साधा फोल्डिंग चाकू घेऊन झटके मारून बघायचे, उघडला की अटक. तेच चाकू हार्डवेअरच्या दुकानात उघड विकायला होते. हजारो लोक अडकले, बांधकामावरचे, गोदामातले, दुकानात माल लावणारे, आणि त्यात बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. शेवटी मे २०१९ मध्ये तो कायदा काढून टाकावा लागला.

उलट ब्रिटनमध्ये चाकूहल्ल्यांचा प्रश्न भयंकर आहे, तरी १९८८च्या कायद्यावरून तिथे एक ओळ स्पष्ट झालेली आहे, खिशात घडी होणारा, लॉक न होणारा आणि ३ इंच किंवा त्यापेक्षा कमी धारेचा चाकू कोणतंही कारण न देता जवळ ठेवता येतो, त्याच्या वर गेलात किंवा पातं लॉक होत असेल तर सबळ कारण सांगा. आणि आपल्या दिल्लीत काय आहे, १९८०ची अधिसूचना आहे, बटणदार, गरारीदार (म्हणजे बटणाने किंवा दातेरी कळीने उघडणारा) चाकू ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल तर बंदी. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोब्बर ३ इंच. म्हणजे हा आकडा आपल्या देशात पंचेचाळीस वर्षं वापरात आहे, पट्टी लावून मोजता येतो, कोर्टात पण मोजला जातो, मग महाराष्ट्रात मनाई आदेशातच ही ओळ का असू नये, की लॉक न होणारा, ३ इंचांच्या आतला खिशातला चाकू आणि धंद्याच्या जागी किंवा जाता-येताना जवळ असलेलं कामाचं हत्यार यातून वगळलंय? नाक्यावरच्या माणसाच्या खिशात पट्टी असेल, त्याचं पण काम सोपं होईल.

मी ही ओळ मागतो तेव्हा माझ्याच छंदातले लोक चिडतात, कारण माझे अकरापैकी सात चाकू लॉकचे आहेत, त्यांचे तर सगळेच. लॉक असला की बोटावर पातं मिटत नाही, तो सुरक्षित आहे, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. पण गर्दीच्या शहरात अनोळखी माणसाच्या मनाचा विचार मला जास्त मोठा वाटतो. लॉकवाला घरी, कारखान्यात, ट्रेकला, शेतावर नेऊ, रोज खिशात व्हिक्टोरिनॉक्स ठेवू, काय बिघडलं? आणि गणपतीच्या मिरवणुकीत, जत्रेत, मॅचला काहीच नको, कोणताच नको. जर्मनीत सोलिंगेन हे शहर पिढ्यान्‌पिढ्या चाकू-कात्र्यांसाठी ओळखलं जातं, तिथेच ऑगस्ट २०२४ मध्ये भर उत्सवात एकाने चाकूने तीन माणसं मारली, त्यानंतर त्यांनी सार्वजनिक उत्सवात चाकू आणायला बंदी केली. मला ती बंदी योग्य वाटते. गर्दीत एकमेकांना खेटून उभं असताना कोणाच्या कमरेला धार नसावी, यात माझा कसला हक्क हिरावला जात नाही.

आणि आता भाषेचं, जे मला सगळ्यात जास्त बोचतं. हे चाकू विकणाऱ्या कंपन्या काळ्या रंगाचं पातं करतात, त्याला टॅक्टिकल, म्हणजे लढाऊ, म्हणतात, जाहिरातीत हातमोजे घातलेला माणूस अंधारात उभा. आमची पोरं तेच शब्द उचलतात. 'सेल्फ डिफेन्सला घेतलाय भाई', 'कोणी आडवा आला तर'. अरे बाबांनो, चाकूने बचाव होत नाही. ढाल नाही ती. भांडणात चाकू निघाला की दोघांपैकी एक दवाखान्यात आणि एक लॉकअपमध्ये, आणि बऱ्याचदा ज्याने काढला त्याच्याच हाताला पहिली जखम. ज्याच्या मनात असं काही आहे त्याने चाकू बाळगूच नये, त्याच्यासाठी मी कोणतीही सवलत मागत नाहीये. आणि आम्ही एका तोंडाने 'साहेब, हे अवजार आहे' म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडाने फोटोखाली असलं लिहायचं, मग पोलिसांनी कोणतं खरं मानावं? रामपूरच्या कारागिरांचं बघा, काय सुंदर काम होतं ते, पितळेच्या मुठी, नक्षी, पण त्या चाकूचं नाव गुंडाशी असं जोडलं गेलं की शेवटी लांब पात्यांवर बंधन आलं आणि हुन्नर असलेले लोक बेकार झाले. २०२३ साली त्याच शहराने चौकात भलामोठा चाकू उभारला, पण त्याने त्या कारागिरांची गेलेली वर्षं परत येत नाहीत.

आमचा पुण्यातला साठ-पासष्ट जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दिवाळीनंतर मी तिथे मांडलं की मारामारीचा, 'आडवा आला तर'वाला एकही मेसेज राहणार नाही, टाकला की डिलीट, परत टाकला की बाहेर, आणि अठराच्या आतल्याला कोणी लॉकचा चाकू विकणार नाही. दोन दिवस खूप भांडण झालं. तिघं सोडून गेले. त्यातला एक महिन्याभराने परत आला, धार लावायचं विचारत होता, पण चाकूची नाही, आईच्या विळीची. सायकलवरच्या धारवाल्याने कोरड्या चाकावर इतक्या ठिणग्या पाडल्या होत्या की धारेचं पाणी उतरलं होतं, म्हणजे तापून तिचा कडकपणा गेला होता, चार दिवसांत परत बोथट. रविवारी तो विळी घेऊन घरी आला, आम्ही हजार नंबरच्या धारेच्या दगडावर पाणी टाकत टाकत दीड तास बसलो, कमी-अधिक दाब त्याच्या हाताला हळूहळू कळायला लागला, आणि पूर्ण वेळात त्याने खिशातला काळा चाकू एकदाही बाहेर काढला नाही.